पाड्यावरचे निवडक दात

पेठच्या एसटीत खिडकी मिळाली आणि मी मनातल्या मनात सहलच सुरू केली. खरं तर निघाले होते कामाला. मी दातांची डॉक्टर. पेठकडच्या एका पाड्यावर (वस्तीवर) मोठ्या माणसांची तोंडं तपासून फॉर्म भरायचे होते. जिथे दुखणी जास्त सापडतील तिथे उपचारांची फिरती गाडी जाणार होती. सावळ घाटात पळस फुललेला दिसला आणि मी फॉर्मांची पिशवी खुशाल पायाशी ठेवून दिली.

पाड्याचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका यमुनाताई यांनी शाळेच्या ओसरीत वीस माणसं आधीच बसवून ठेवली होती. नियमाप्रमाणे मला दर तिसऱ्या घरात जायचं होतं. पण ऊन कडक, चढ उभा आणि माणसं आयती समोर! मी तिथेच बसकण मारली. काय एकेकाचे धडधाकट दात होते! दोन तासांत काम उरकलं आणि मी स्वतःवरच खूश झाले.

दुपारी यमुनाताईंच्या घरी नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी. वाढत होती त्यांची धाकटी जाऊ जिजाबाई, पदर तोंडाशी धरून. आमची जेवणं झाली तरी ती आमटीत कुस्करलेली भाकरी चिवडत बसली होती.

"जिजाताई, दुखतंय का काही?" मी विचारलं.

यमुनाताईच बोलल्या, "तिचं ऱ्हाऊ द्या. तिचं तोंड दाखवण्याजोगं नाय."

"आणि सकाळची माणसं?"

"ती निवडून आणली. नाशिकवरून पाहुणं येणार, त्यांच्यापुढं किडकी तोंडं बसवू व्हय? ज्यांचं दुखतं त्यांना म्हनलं, आज घरीच बसा."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. पाहुण्यांसाठी चांगली ताटं काढावीत तशी यांनी चांगली माणसं काढली होती. चूक माझीच, मी आळस केला. ते वीस फॉर्म पाहून कोणीही म्हटलं असतं, इथे गाडीची गरजच काय?

मी हे सांगितलं तेव्हा यमुनाताईंचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच गाडी परत धाडली की वो!"

"अर्धी मी," मी म्हणाले.

मग त्यांनीच जावेला उजेडात बसवलं. गालाच्या आत चिघळलेली, पांढरट कडांची जखम होती.

"कधीपासून?"

"भात लावायच्या आधीपासून."

म्हणजे आठ महिने होऊन गेले होते. "जिजाताई, उद्या माझ्याबरोबर नाशिकला चला. याचा तुकडा काढून तपासायला हवा. आता थांबायचं नाही."

सकाळचे फॉर्म मी बाजूला काढले आणि दर तिसरं घर धरून चालू लागले. चढावर चपलेचा अंगठा तुटला, यमुनाताईंनी सुतळीने बांधून दिला. बऱ्याच दारांना कुलपं होती. तिथे मी 'घर बंद' लिहिलं आणि पुढे गेले. बाकी घरांत मात्र दुखरी तोंडं पुष्कळ निघाली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत जिजाबाई माझ्या शेजारी होती. तिने विचारलं, "माझ्यामुळं पाड्याचं नाव खराब झालं का वो, ताई?"

"नाही हो. तुमच्यामुळे गाडी येईल." मी तिचा हात हातात घेतला.

नाशिक जवळ आलं तशा द्राक्षबागा दिसू लागल्या. तिने खिडकीतून बोट केलं. "आमची माणसं हितं काढणीला हायेत. आमच्या ह्यांची दाढ लय ठणकती. त्यांचं लिव्हलं का?"

"नाही लिहिलं."

आपण चूक सुधारली म्हणून मी समाधानात होते. प्रत्यक्षात मी कुलपं मोजून आले होते आणि पोटासाठी गाव सोडून गेलेल्यांना पुन्हा वगळलं होतं.

"मंग आता घ्या लिहून," ती म्हणाली.

मी पेन काढलं. एका हाताने गाल दाबून धरत ती बंद घरांतली माणसं सांगू लागली. कोण कुठल्या बागेत आहे, कोणाचं काय दुखतं. बोलताना तिला कळा येत होत्या. तरी तिने एकही घर सोडलं नाही.