एकाच बाटलीवर दोन नावं

कंपायलरने, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, चुका दाखवल्या की माझी चिडचिड व्हायची आणि एकही दाखवली नाही की मी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचत बसायचो. दुसरं जास्त वाईट. नव्वदच्या दशकात मी जळगावात एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो. स्वभावानेच भित्रा, पिंप्राळ्याच्या घराला कुलूप लावलं तरी स्कूटर वळवून पुन्हा ओढून बघणारा. नेमकं माझ्याच गळ्यात साहेबांनी एका रक्तपेढीचं काम घातलं.

पेढीत कॉम्प्युटर एक, पण त्याला पडदे आणि कीबोर्ड दोन. एक खाली काउंटरवर, दुसरा वरच्या मजल्यावर, जिथे दवाखान्यांचे फोन यायचे. रक्ताचा गट टाकायचा, बाटली शिल्लक दिसली की पेशंटच्या नावावर राखून ठेवायची. प्लास्टिकच्या पिशव्या आल्या होत्या, तरी लोक बाटलीच म्हणत.

दोघांनी एकाच क्षणी तीच बाटली धरली तर काय, ही माझी भीती. एसटीच्या गर्दीत दोन खिडक्यांतून दोन रुमाल एकाच सीटवर पडतात ना, तसं. तिथे निदान भांडण तरी होतं. इथे दोघांनाही ‘मिळाली’ असं दिसलं असतं आणि दोघेही निवांत झाले असते. म्हणून मी मेमरीत एक खूण ठेवली होती. एकाचं काम चालू असेल तर खूण बघून दुसऱ्याने थांबायचं. ते नीट चालायचंही. पण पेढीवाले म्हणाले, प्रोग्रॅम फार हळू आहे. साहेबांनी कंपायलरला वेग वाढवायला सांगितलं, तोच प्रोग्रॅम पुन्हा तयार केला आणि परस्पर बसवून आले. आधी तपासू या, असं मी म्हणालो, तर म्हणाले, “तुला तर झोपेतसुद्धा साप दिसतात.”

तरी मी हट्टाने तपासणी केलीच. बहिणीचं सिझेरियन होतं, त्याच दिवशी सकाळी. ऑफिसात तसेच दोन पडदे जोडले, सोबत्याला दुसऱ्या कीबोर्डवर बसवलं आणि दोघांनी एकदम बटण दाबलं. दोन्ही पडद्यांवर तीच बाटली, नावं दोन. कंपायलरने वेळ वाचवायला खूण एकदाच बघून घेतली होती, पुन्हा बघायची तसदी घेतली नव्हती. त्याच्या लेखी आपला प्रोग्रॅम जगात एकटाच. पुढे एका मित्राने आणलेल्या झेरॉक्समध्ये वाचलं की, परदेशात काही लोक मेमरीतली अशी कामं ‘झालं तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही’ या बेताने करू पाहताहेत. लिहिणाऱ्याने फक्त सांगायचं की एवढा तुकडा अखंड आहे, बाकी सांभाळायचं कंपायलरने. वाचताना मला रडू फुटायचंच बाकी होतं. पण त्या सकाळी असलं काही हाताशी नव्हतं. बहिणीचा गट ओ निगेटिव्ह, आणि तिची बाटली याच प्रोग्रॅमने राखलेली.

पेढीला फोन करून एकच पडदा वापरा म्हणून सांगितलं आणि दवाखाना गाठला. बहिणीचे सासरे, आबा, आवारात बाकावर बसले होते. त्यांच्या साक्रीकडे कुणाचं ऑपरेशन म्हटलं की रक्त द्यायला जीपभर माणसं येतात. तशी ती आदल्या दिवशीच आली होती. तिच्या गटाचा एकच चुलत दीर त्यांच्यात होता. आता आवारात जीप दिसेना.

“आबा, माणसं कुठे आहेत?”

“बठ्ठासले घर धाडी दिन्हं, भाऊ. तुनाच कंपुटरनी सांगं ना, बाटली शे म्हणीसन.”

बाटली आहे म्हणून त्यांनी सगळ्यांना घरी पाठवून दिलं होतं. मी तसाच रक्तपेढीकडे पळालो. काउंटरवर वरणगावचा एक माणूस उभा होता. हातात चिठ्ठी. त्यावरचा बाटलीचा नंबर मला पाठ होता, कारण माझ्या खिशातल्या बहिणीच्या चिठ्ठीवरही तोच होता. त्याच्या बायकोला बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता. पेढीच्या डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या आणि बाटली त्याला दिली. त्यांचं काही चुकलं नाही. पण तो माणूस बाटली घेऊन निघाला तेव्हा ती हिसकावून घ्यावी असं मला वाटलं.

साक्रीकडची गाडी पारोळ्याच्या एका हॉटेलात थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मी दवाखान्यात परतलो, आबांना तिथला नंबर ठाऊक होता. बूथवरून फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणीतरी ‘थांबा, बघतो’ म्हणून गेलं, ते येईचना. शेवटी फोनवर चुलत दिराचा आवाज आला. जीप नुकतीच निघत होती.

ते पोचण्याआधीच बहिणीला आत घ्यावं लागलं. बाटली नव्हती. दाराबाहेर मी रस्त्यावर जीप दिसते का ते बघत उभा राहिलो. बहीण वाचली, मुलगी झाली. रक्ताची गरजच पडली नाही. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी जुना, हळू प्रोग्रॅम परत बसवला.

आबांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. साक्रीला जाऊन मात्र त्यांनी सांगितलं की, भाऊच्या कंपुटरने ऐन वेळी जीप परत बोलावली, म्हणून सून वाचली.

पुढे एकदा पेढीत गेलो तर आबांच्या गावची एक बाई काउंटरशी बसली होती. आबांच्या सुनेचा भाऊ म्हणून ती मला ओळखत होती. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. सोबत सासू, तिसरं माणूस नाही. रक्त द्यायला कोण आलंय, असं मी विचारलं.

“कोनीच नही, भाऊ,” ती हसून म्हणाली. “तुना कंपुटर शे ना.”