कुनबोताचे दात

ओक-र्‍ये भांडणाला भिणारी बाई नव्हतीच. तीस वर्षं कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात बुड्या मारून हाडं दगड झालेली, आणि जीभ त्याहून कडक. खोल पाण्यात तिच्याइतका दम कुणालाच नव्हता. पण त्या मंगळवारी सगळं अंगाशी आलं.

विद्यापीठातल्या लेकीला दोनशे जिवंत कुनबोत हवे होते. पाठीवर आठ खवले असलेला हा जीव खडक खरवडून खातो, कारण त्याच्या दातांत चुंबकाला चिकटणारं लोखंड असतं. भट्टी नाही, आच नाही. थंड पाण्यात आधी मऊ दात येतो, मग त्यात लोखंड भरतं. लेक तेच काचेच्या भांड्यात करू बघत होती. दाताचा मऊ सांगाडा घ्यायचा, त्यावर लोखंडाचं पाणी थेंब थेंब सोडायचं, आणि धुळीहून बारीक काळे कण मिळवायचे.

कुनबोत असतात उथळ खडकांवर. ती पट्टी गावानं म्हातार्‍या बायांना राखलेली. धडधाकट बाईनं तिथे हात घातला की बुड्या मारणार्‍या बायांच्या टोळीतून बाहेर, आणि टोळीवाचून समुद्रात उतरायचं नाही.

"कुनबोताला कुठे बुडी मारावी लागते? तो काय नियमात धरायचा!" असं म्हणत ओक-र्‍येनं टोपली भरली.

ऐंशी वर्षांची मालसेंग मागे उभी होती. "सटवे, माझ्या तोंडचा घास काढतेस?"

थोरल्यांना गावात सामचुन म्हणतात. "सामचुन, शिव्या नकोत. मला नुसते दात हवेत, मांस तुम्ही घ्या!"

म्हातारीनं खुरपं हाणलं. मनगटाची साल निघाली. रक्त बघून ओक-र्‍येचं डोकंच फिरलं. तिनं म्हातारीच्या थोबाडावर मूठ घातली. म्हातारी खडकावर आपटली, तरी पोटरीला कडकडून चावली. ओक-र्‍येनं झिंज्या धरून तिला पाण्यात दाबलं. बाया धावल्या म्हणून जीव वाचला.

दुपारी शेकोटीभोवती सगळ्या जमल्या. मालसेंगनं तोंडावरचं फडकं काढलं आणि ओक-र्‍येच्या तळहातावर स्वतःचे दोन दात ठेवले.

"घे. दातच हवे होते ना? लेकीला म्हणावं, यांतही लोखंड भर."

कुणी हसलं नाही. टोळीची म्होरकी म्हणाली, "कपडे उचल, ओक-र्‍ये."

"मारा मला! पण समुद्र नका हो काढून घेऊ!" ती हमसून रडायला लागली.

"काढू नका तिला," मालसेंग रक्त थुंकत म्हणाली. "आमच्यातच टाका, उथळात. जन्मभर."

म्होरकीनं मान डोलावली. बावन्नाव्या वर्षी ओक-र्‍येचं खोल पाणी सुटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, मिळाले का गं?"

"हवे तेवढे माग," ओक-र्‍ये म्हणाली. "तुझी आई आता तिथेच असते."