शत्रुपक्षाची टोपी

माउंट रॉस्किलहून ऑकलंडच्या मध्यवस्तीत जाणारी सकाळची बस अर्धी रिकामी असते, तरी हे गृहस्थ माझ्याच शेजारी येऊन बसतात. मूळचे पुण्याचे, पण मधली बारा वर्षं कॅनडात होते आणि येताना आइस हॉकीचं वेड घेऊन आले. इथे जो तो रग्बीवाला, म्हणून ते वेड माझ्या वाट्याला आलं. ड्राफ्टमध्ये तिकडचे संघ दरवर्षी अठरा-अठरा वर्षांची पोरं निवडतात. त्यातल्या कुणाचा कुठला गुडघा दुखतो, हे यांना पाठ. माझं आडनाव मात्र अजून चुकवतात.

"पूर्वीची दुश्मनी राहिली नाही रे," हे दर दोन स्टॉपनंतर. "आता मॅच संपली की गळ्यात गळे घालतात. शोभतं का?"

शेवटी वैतागून मी म्हणालो, "काका, तुमचाच संघ भारी. मान्य. विषय संपला."

त्यांचा चेहराच पडला. पुढचे आठ दिवस शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत. मला केवढं बरं वाटलं!

नवव्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली. त्यांच्या कट्टर शत्रुसंघाची, खास मागवलेली.

"आजपासून तू यांचा. तूही असं मान्य करून टाकलंस, तर मी भांडू कुणाशी?"

टोपी मी घालत नाही. बॅगेत असते, इतकंच. पण काल ऑफिसात जेवताना, काही कारण नसताना, फोनवर स्कोअर बघितला आणि डबा तसाच झाकून ठेवला. आम्ही हरलो होतो, आणि सकाळी बसमध्ये ते असणार होते.