शेवटच्या सत्रातला निबंध

लातूरच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या चर्चासत्राचं शेवटचं सत्र माझ्या अध्यक्षतेखाली होतं. आमच्याकडे शेवटच्या सत्राला फारसं कुणी बसत नाही. त्या दिवशी तर संयोजकांनी प्रमाणपत्रं जेवणाच्या रांगेतच वाटून टाकली. "चला, सर्टिफिकेट भेटलं, आता बिलोलीची गाडी भेटती का बघू," म्हणत निम्मं सभागृह उठून गेलं.

निबंध वाचणाऱ्यांच्या यादीतलं शेवटचं नाव एका विद्यार्थिनीचं होतं. देवणीजवळच्या खेड्यातली, एम.ए.ला होती.

"दोन मिनिटांत सांगा," मी म्हणालो.

"दोन मिन्टात न्हाई व्हायचं सर, पर बघते."

हातातले कागद बाजूला ठेवून ती बोलू लागली. बैलबाजारात पुरुष उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण जनावर विकायचं की नाही हे त्याआधीच दावणीपाशी घरची बाई ठरवते. ती नको म्हणाली तर जनावर बाजाराची वाटच धरत नाही. बायकांच्या बरोबरीनं शेण भरत, चारा टाकत तिनं हे ऐकलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताला असं काही लागलं नव्हतं. तरी वेळ संपली म्हणून मी घंटी वाजवली.

समारोपाला कॉलेजची मुलं आणून बसवली, तसं सभागृह पुन्हा बऱ्यापैकी भरलं. सत्राचा अहवाल देताना मी तिचीच मांडणी सांगितली. "आपल्या मराठवाड्यात असं दिसतं," एवढंच म्हणालो. तिचं नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, यावर लेख लिहा. मी लिहिला, त्यातही तिचं नाव नव्हतं. त्या एका लेखावर मला नांदेडपासून औशापर्यंत व्याख्यानांची बोलावणी आली. एकदा ती मागच्या बाकावर वही घेऊन बसलेली दिसली. तासभर मी त्या बाजूला बघितलं नाही.

पुढं ती नांदेडला प्राध्यापक झाली. मध्यंतरी संशोधन प्रकल्प निवडणाऱ्या एका समितीवर मला निवृत्त तज्ज्ञ म्हणून घेतलं होतं. तिथं तिचा अर्ज आला. विषय तोच.

"ह्यात नवं काय?" एक सदस्य म्हणाले. "हे तर आपल्या सरांनी कधीच लिहिलंय. बाईंनी स्वतःच तसा संदर्भ दिलाय." अर्ज नामंजूर अर्जांच्या ढिगाकडे निघाला.

"ते माझं नाही," मी म्हणालो. "ह्या बाईंचंच आहे. मी ढापलं."

सगळे हसले. "सर, नम्रपणाची हद्द झाली!" म्हणत अध्यक्षांनी माझ्यापुढं बिस्किटं सरकवली. खरं बोलायला इतकी वर्षं घाबरलो, आणि बोललो तर कुणी ते खरं धरेना. मी हट्टच धरला, तेव्हा बाहेर मुलाखतीसाठी थांबलेल्या तिला आत बोलावलं.

"हो," ती म्हणाली, "शेवटच्या सत्रात मीच मांडलं होतं."

"मग स्वतःच्याच कामाला सरांचा संदर्भ कशाला दिलात?"

"छापलेलं तेवढंच होतं. संदर्भ छापलेल्याचाच द्यावा लागतो ना, सर."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. अर्ज मंजूर झाला.

त्यानंतर माझा तो लेख छापणाऱ्या नियतकालिकासाठी मी खुलासा लिहिला आणि नांदेडला जाऊन तिला दाखवला. तिनं लाल पेन काढलं. 'विदुषी' खोडलं, 'थोर मनाच्या' खोडलं.

"सर, मुख्य चूक राहिलीच की."

"कोणती?"

"तुम्ही ते सगळ्या मराठवाड्याचं करून टाकलंत. ज्या घरात बाई स्वतः जनावरांचं करते, तिथलंच मी सांगितलं होतं. गडी ठेवणाऱ्या घरात बाईला कोण विचारतंय? पोरं अजून तुमचं वाक्य परीक्षेच्या पेपरात लिहायलेत. माझं नाव खाली कुठंतरी टाका, पण हे आधी वर घ्या."

घंटी वाजवून मी तिला थांबवलं, ते बहुधा हेच सांगायच्या आधी. तिच्या जागी मी असतो तर आधी माझं नाव मागितलं असतं.

तिथंच तिच्या टेबलाशी बसून मी खुलासा नव्यानं लिहिला. पहिल्या ओळीत दुरुस्ती घातली. दुसऱ्या ओळीत तिचं नाव. खाली टाका म्हणाली होती, तेवढं मी ऐकलं नाही.