व्याह्यांचा अंगठा

पुस्तकापेक्षा पुस्तकाच्या सारांशावर जास्त विश्वास असलेला माणूस आख्ख्या मावळ तालुक्यात एकच आहे, आणि ते म्हणजे माझे व्याही. ऐकलेलं आणि छापलेलं यांत फरक पडला, तर ते छापखान्याला दोष देतात. एकदा हा दोष माझ्या माथी यायला हवा होता. तो चुकून दुसऱ्याच्या माथी गेला आणि मी जाऊ दिला. ते आज लिहून टाकतो.

माझी सूनबाई, म्हणजे त्यांची मुलगी, पुस्तकांचे सारांश ऐकवणारं अ‍ॅप चालवते. नोकरी सोडून, साठवलेले सगळे पैसे घालून तिने ते तुंगार्लीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत उभं केलं. सारांश लिहायचे मी, कारण मी मराठीचा निवृत्त मास्तर आणि शिवाय फुकट. वापरून बघायचं व्याह्यांनी, कारण तिच्या आबांना जे जमलं ते कुणालाही जमेल, असं तिचं म्हणणं. दर रविवारी व्याही टाकवे बुद्रुकहून इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन यायचे, खुर्चीत मांडी घालून बसायचे आणि फोन उघडण्याआधी त्याला रामराम करायचे. त्यांचा अंगठा नांगराने घडवलेला. एक बटण दाबलं की शेजारची दोन आपोआप दबायची. एकदा 'पुढे जा' म्हणता म्हणता त्यांनी स्वतःचं खातंच पुसून टाकलं. सूनबाई हसली नाही. तिने शाई आणली, त्यांचा अंगठा कागदावर उमटवून घेतला आणि पडद्यावरचं प्रत्येक बटण त्या मापाचं केलं. "सही करता येती की मला, पोरी," व्याही दुखावून म्हणाले.

अ‍ॅपने पैसे कसे मिळवावेत यावरही त्यांचं मत होतं. सूनबाईने आधी अर्धा सारांश फुकट ठेवला आणि उरलेल्याला वर्गणी लावली. व्याही ऐन रंगात आले असताना आवाज थांबला आणि वर्गणीची पाटी आली. त्यांनी फोन पालथा घातला. "मानसाला जेवाया बसवायचं अन् आमटी वाढताना पैसं मागायचं? आपल्यात ही रीत न्हाई." शेवटी पाटी सारांशाच्या अखेरीला गेली, आणि नवल म्हणजे पोट भरलेली माणसं जास्त आनंदाने पैसे देऊ लागली. पंचाईत केली ती व्याह्यांनीच. ते स्वतः वर्गणीदार झाले आणि रोज सकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर स्पीकर लावून बसू लागले. एका वर्गणीत सगळं टाकवे ऐकायचं.

"आबा, अशाने माझा धंदा बसेल!"

"मग मानसागनिक पाटी दाव की. वसुलीचं मी बगतो."

अशात एक जाडजूड कादंबरी आली. दोन भाऊ, बोलचाल बंद, दोन घरांमध्ये फक्त एक अंगण. शेवटची शंभरेक पानं मी वाचली नाहीत. सूनबाईला डोळ्यांची तक्रार सांगितली होती. खरं कारण कंटाळा. शेवट अंदाजाने लिहिला: थोरला अंगण ओलांडून जातो, धाकटा दार उघडतो आणि म्हणतो, "ये. चहा ठेवलाय."

व्याही स्वतःच्या धाकट्या भावाशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. त्याने न विचारता जोडीतला एक बैल विकला होता. तो सारांश संपला तसे ते ओट्यावरून उठले आणि थेट भावाच्या दारात गेले. तिथूनच त्यांनी मला फोन केला. "पाव्हणं, त्यो बी तेच म्हनला. ये, चा ठिवलाय. डेअरीच्या मागं हुबा राहून ऐकत व्हता गडी, फुकटात!"

त्या आनंदात भावाला भेट द्यायला म्हणून मला बरोबर घेऊन त्यांनी लोणावळ्याच्या बाजारात ती कादंबरी घेतली आणि तिथेच शेवटचं पान उघडलं. पुस्तकात थोरला अंगण ओलांडतो, तर दाराला कुलूप. धाकटा कधीच वारलेला असतो.

"ह्यात श्येवट चुकीचा पडलाय. दुसरं द्या," व्याही म्हणाले.

दुकानदाराने होत्या तेवढ्या प्रती काढून दाखवल्या. "भाऊ, सगळ्यांत हेच आहे."

"मग समदा मालच खराब आलाय तुमच्याकडं!"

वैतागून त्याने पैसे परत केले. मी पिशवी धरून शेजारी उभा होतो. खरं सांगितलं तर त्यांचा माझ्यावरचा, मुलीच्या अ‍ॅपवरचा विश्वास जाईल, आणि कोण जाणे, भावाकडचा चहाही कडू होईल, ही भीती. पुढे दोन वर्षं त्या दुकानासमोरून जाताना व्याही रागाने बघायचे आणि मी रस्त्यापलीकडे बघायचो.

गेल्या महिन्यात आम्ही वलवणच्या धरणाकडे फिरायला गेलो होतो. "पाव्हणं, तुमी मास्तर. त्या लेखकाला चूक कळवा," ते म्हणाले. तेव्हा मात्र माझ्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं. व्याही थांबले.

"म्हंजे पुस्तकातलं दोगं कदी बोललंच न्हाईत?"

"नाही."

मग माझ्या खांद्यावर तो जड हात पडला. "बरं झालं तुमी पुस्तक वाचलं न्हाई."

इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. सूनबाई मात्र तापली. "बाबा, लोकांनी पैसे दिलेत त्याचे!" तिचं बरोबर होतं. मी कादंबरी अखेरपर्यंत वाचली, सारांश नव्याने लिहिला आणि अ‍ॅपवर माझ्याच आवाजात क्षमा मागितली. दुकानदाराची क्षमा व्याह्यांनी मागितली. मला मध्ये बोलूच दिलं नाही.

दुरुस्त सारांश आता सगळ्यांच्या फोनवर पोचला आहे, एक फोन सोडून. त्यावर 'अपडेट करा' असं मोठं हिरवं बटण रोज येतं, त्यांच्याच अंगठ्याच्या मापाचं. दिसेल ते बटण दाबणारा हा माणूस तेवढं एक बटण दाबत नाही. संध्याकाळी दोघे भाऊ अंगणात बसतात, मध्ये फोन असतो, आणि जुना शेवट पुन्हा एकदा ऐकून झाला की धाकटा चहा ठेवायला उठतो.