चंद्रीच्या भावाचं पुस्तक

"बाई, हिचं नाव काढून टाका. मामाकडं धाडायचं ठरलंय हिला."

चंद्रीची आजी बालवाडीच्या दारात उभी होती. साडेचार वर्षांची चंद्री तिच्या लुगड्याआड. मी हजेरी घेत होते, ती तशीच राहिली.

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. राजूरच्या बालवाडीत मी एकटीच बाई. एक खोली, तीस मुलं आणि सरकारकडून आलेली खेळण्यांची एक पेटी.

"झालं काय पण?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? भाऊ झाल्यापासनं पोर लई द्वाड झालीया. परवा त्याला चिमटा काढला, रगात साकळलं. काल झोळी धरून वढली. लेकरू खाली आलं. गोधडी हुती म्हणून वाचलं."

बाळ अठरा दिवसांचं होतं. आजीचा राग खोटा नव्हता.

"मामा कधी येणार?"

"बाजारच्या दिवशी."

म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते. तोवर चंद्रीला बालवाडीत पाठवा, एवढं मी मागून घेतलं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला 'सिब्लिंग जेलसी' हा शब्द शिकवला होता. नवं भावंड आलं की मोठ्या मुलाला आपली जागा गेली असं वाटतं. मग ते अंथरूण ओलं करतं, चावतं, मारतं. त्यावर उपाय सांगितला होता चित्रवाचनाचा. चित्राचं पुस्तक मुलापुढे धरायचं आणि बाईंनी गप्प बसायचं. बोलायचं ते मुलानं.

पेटीत भावंडाचं एकच पुस्तक होतं, कुणीतरी देणगी दिलेलं. गोरी आई, खिडकीला पडदे, बाळाला जाळीचा पलंग. चंद्रीनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्ये बाळ पिंजऱ्यात का घातलंय?"

पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मीच पुस्तक काढायला बसले. माझी चित्रकला बेताची. पण जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोरी होती, पेटीत रंगीत खडू होते आणि चुलीतला कोळसा होता. पहिल्या पानावर मोठ्या पोटाची आई भाकरी थापतेय, शेजारी मुलगी. दुसऱ्यावर रडणारं बाळ. तिसऱ्यावर आजी पाय पसरून त्याला अंघोळ घालतेय. चौथ्यावर आई बाजेवर, कुशीत बाळ, खाली शेकाची शेगडी, आणि उंबऱ्यावर मुलगी. पाचव्यावर मुलगी हसत झोळीला झोका देतेय. पाच पानं गोधडीच्या दोऱ्यानं शिवली.

सकाळी चंद्रीला जवळ घेऊन बसले. पहिली तीन पानं तिनं भराभर उलटली. आजीच्या पायांवर बोट ठेवून खुदकन हसली. चौथ्या पानावर थांबली. मग माझ्यासमोरचा कोळसा उचलला आणि मुलगी आणि आई यांच्या मधोमध काळेकुट्ट फराटे ओढायला लागली. चित्र बिघडत होतं. मी हात धरणार होते, पण ट्रेनिंग आठवलं. हात मागे घेतला.

"काय काढलंस, चंद्रे?"

"दार. दार लावलंय. पोरगी भायेर हाय."

"कुणी लावलं?"

"आजीनं. आई बोलावती, पर आजी सोडत न्हाई."

पाचवं पान तिनं नुसतं पाहिलं. "ह्ये खोटं हाय," म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

त्या दुपारी मी पुस्तक घेऊन तिच्या घरी गेले. बाळंतिणीची खोली बंद होती. आजी पडवीत तांदूळ निवडत होती. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. आजीला अक्षरओळख नव्हती आणि या पुस्तकात अक्षर नव्हतं.

"अगं बया, ही मीच की! पाय बघा माजं!" तिसऱ्या पानावर आजी खूश. पुढचं पान उलटलं. "आन् ह्ये काळं काय सांडलंय?"

"चंद्रीनं काढलंय. ते दार आहे. ती बाहेर आहे, म्हणते."

आजीचा चेहरा बदलला. "म्हंजी आमी पोरीला भायेर ठिवली, असं म्हंता व्हय? ओल्या बाळंतिणीच्या अंगावर पडती ती. हिरानं इसावा कवा घ्यायचा?"

"मी नाही म्हणत, आजी. ती म्हणते."

तेवढ्यात आतून चंद्रीच्या आईचा, हिराचा आवाज आला. "आत्याबाई, येऊ द्या तिला. ईस दिस झालं, मी तिची येनी घातली न्हाई."

आजीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग उठली आणि दार उघडलं.

चंद्रीनं बाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. आईकडे पाठ करून बसली. हिरानं केस विंचरले, वेणी घातली. वेणी संपली तरी पोर हलेना. बाळ झोळीत कुरकुरायला लागलं. मग आजीनंच झोळीची दोरी चंद्रीच्या हातात दिली. "हळू वढ."

चंद्रीनं हळू ओढली.

बाजारच्या दिवशी मामा आला. चंद्रीनं त्यालाच पुस्तक दाखवलं. "ह्यो माजा भाऊ. त्याला दात न्हाईत, म्हनून चावत न्हाई." मामा एकटाच परत गेला. चिमटे त्यानंतरही एकदोनदा निघाले, पण पोर घरात राहिली.

महिन्याभरानं सुपरवायझरबाई जीपनं इन्स्पेक्शनला आल्या.

"हे पुस्तक स्टॉक रजिस्टरमध्ये नाही."

"मी काढलंय, मॅडम."

"आणि हे पान कुणी खराब केलं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि गेल्या. मला वाटलं, जप्त झालं. दोन आठवड्यांनी ऑफिसचं पत्र आलं. तालुक्यातल्या प्रत्येक बालवाडीसाठी एक प्रत काढून द्यावी, चौथं पान आहे तसं ठेवावं. मी सगळ्या प्रती हातानं काढल्या. माझं नाव कशावरच नव्हतं. तरीही नोकरीत पुढे मिळालेल्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा त्या पत्राचा मला जास्त अभिमान आहे.

पुढे नव्या बालसेविका ट्रेनिंगला आल्या की मी एवढंच सांगायचे: मुलांसाठी काढलेलं पुस्तक घरातल्या मोठ्यांनाही दाखवून या.