जावयाचं बोलावणं

आमच्याकडे जावई बोलावल्याशिवाय पंगतीला बसत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. बायकोने बोलावलेलं चालत नाही, तिच्या माहेरचं कोणीतरी उठून यावं लागतं. आमचे हे बौद्ध, मी ख्रिस्ती. लग्न करून धुळ्याकडून सुरतेला आलो आणि मला माहेर म्हणून उरलं ते चर्चच. मग यांनी तोच नियम चर्चलाही लावला.

दर रविवारी सायकलवर डबल सीट मला सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत फाटकाशी लिंबाखाली बिडी ओढत बसायचे. माझ्या पायरीवरच्या चपला उचलून आपल्याजवळ ठेवायचे, जोडून, भिंतीकडे तोंड करून. एकदा चोरीला गेल्या होत्या ना.

"या ना आत," मी म्हणे.

"तू घरची. तुझं बोलावणं कसलं? तुझ्या मंडळीतलं कोणी येऊ दे, मग बघू. चहा तरी देतात का तुझ्या माहेरी?"

लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, खडखडाटाने कान गेलेले, त्यामुळे हे सगळं ओरडून. आतपर्यंत ऐकू जायचं. तरी कोणी उठलं नाही. माणसं वाईट नव्हती, बरं का. "तमे कोना घरना?" असं गुजरातीत विचारायची. कोणाच्या घरची म्हणून काय सांगणार? मी गावाचं नाव सांगे, ती मान हलवून दुसरीकडे वळत.

मग एका हिवाळ्यात खोकला बळावला आणि हे गेले. आत यायचं राहूनच गेलं.

त्यानंतर पहिल्यांदा चर्चला गेले ती चालत. बाहेर आले तर पायरीवर काढलेल्या चपला लिंबाखाली. जोडून, भिंतीकडे तोंड करून. बिडीचा वास होता. घरापर्यंत मागून सायकलची चेन वाजत राहिली, आणि सायकल तर दिराने कधीच गावी नेली होती. मी वळून पाहिलं नाही. भीती वाटली असं नाही. वळले आणि नसले, तर?

दर रविवारी तेच. तेव्हा मी ठरवलं, यांना आत बोलावणारं चर्च शोधायचं. कतारगामकडे एका हॉलमध्ये प्रार्थना व्हायची, तिथल्या पाळकांना सगळं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, जिवंतपणी जो आला नाही, त्याच्यासाठी आता दार नाही." त्या दिवशी मागची चेन फार हळू वाजत होती, थकल्यासारखी.

मी घरी साड्यांचे धागे कापायचे. साड्या आणून देणारी बाई मला भेस्तानला घेऊन गेली. लूमच्या खात्यामागे एका म्हातारीच्या खोलीत प्रार्थना व्हायची, खाली सतरंजी, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष. कोणी ओडिशाचं, कोणी डांगातलं, कोणी आपल्या खानदेशातलं. गाण्याची चाल एक, शब्द ज्याच्या त्याच्या भाषेतले. पाळीवरून सुटलेली माणसं उशिरा यायची, म्हणून म्हातारी दार लावण्याआधी विचारायची, "बाहेर कोण राहिलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे हे."

"मग आण की आत."

"माझ्या बोलावण्याने येत नाहीत, आजी. जावई आहेत." मग राहवलं नाही. "आणि ते वारलेत."

कोणी हसलं नाही.

"कुठे बसलेत?"

"चपलांपाशी."

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "या हो जावईबापू. आम्हाला उशीर झाला, मनात धरू नका. आत या." जरा थांबली. "बिडी तेवढी बाहेरच विझवा."

बिडीचं मी तिला काही सांगितलं नव्हतं.

पुरुषांमधला एक जण सरकला, सतरंजीवर एकाची जागा झाली. मग तिने दार लावलं. गाणं सुरू झालं. मी तिकडे पाहिलं नाही, पण ओळ संपल्यावरही कोणीतरी मागे राहून मोठ्याने गात होतं, कान गेलेलं माणूस गातं तसं.

बाहेर आले तर माझ्या चपला काढल्या तिथेच होत्या, एक उलटी पडलेली. चालायला लागले. चेन वाजेना. नाक्यावर थांबले आणि पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता.

मला हवं होतं तेच झालं होतं. हे आत बसले होते, मानाने. भेस्तानपासून माझं घर इतकं लांब आहे, हे मला त्या दिवशी कळलं.